जालन्याचा मीटरमापी लोहमार्ग

जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाचा इतिहास पुष्कळ अंशी त्याच्या दोन रुळांमधील अंतराचा इतिहास आहे. हिंदुस्थानातील आरंभीचे प्रमुख लोहमार्ग साडेपाच फूट मापाचे होते. त्यांचा खर्च सरकारला जड वाटू लागला, तेव्हा लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दीत, १८७० मध्ये, दुय्यम मार्गांसाठी एक मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीन फुटांचे, माप स्वीकारण्यात आले. निजामाच्या राज्यातील वाडी–सिकंदराबाद मार्ग १८७४ मध्ये रुंद मापाचाच झाला होता. परंतु १८९९ ते १९०१ या काळात खुला झालेला ३९१ मैलांचा हैदराबाद–गोदावरी खोरे मार्ग मीटर मापाचा होता. बदनापूर, जालना व परतूर ही स्थानके याच मार्गावरची होत.

जालना ही कापसाची मोठी पेठ. मुंबई व सिकंदराबाद ही दोन्ही शहरे तेथून लोहमार्गाने जवळजवळ सारख्याच, सुमारे पावणेतीनशे मैल अंतरावर आहेत. परंतु सिकंदराबादकडे निघालेला डबा थेट पोहोचत असे. मुंबईकडील माल मात्र मनमाडला उतरवून रुंदमापी डब्यांत पुन्हा भरावा लागे. या हमालीचा व खोळंब्याचा भार मालावर पडणे अपरिहार्य होते. नकाशावर अखंड दिसणारा मार्ग व्यवहारात मनमाडला तुटत होता.

राज्ये बदलली, माप बदलले नाही. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजधानी मुंबई झाली, तरी रूळ हैदराबादच्याच सोयीचे राहिले. म्हणूनच रुंदीकरण हा मराठवाड्याच्या विकास-आंदोलनातील एक प्रमुख प्रश्न बनला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी तो दीर्घकाळ लावून धरला. जालना जिल्हा १९८१ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हाही गाडी मीटर मापावरच धावत होती. १९९० नंतरच्या दशकात रुंदीकरण होऊन ते माप इतिहासजमा झाले.

अरुंद माप नसते, तर खर्चाअभावी हा मार्ग कदाचित आणखी लांबला असता. म्हणून मूळ निर्णयास सर्वस्वी दोष देता येत नाही. तथापि बांधणीच्या वेळी वाचलेला पैसा पुढील नव्वद वर्षे मनमाडच्या फलाटावर फेडावा लागला, आणि तो फेडणाऱ्यांना मापाच्या निवडीत मत नव्हते.