तंबाखूचा सुगंध आणि नगर प्रांत

पॅरिसच्या कारों या पेढीनें १९१९ सालीं 'ताबा ब्लों' नांवाचें अत्तर काढलें, तेव्हांपासून तंबाखूचें नांव युरोपांतील शौकिनांच्या कुपींवर झळकूं लागलें. २००७ सालीं टॉम फोर्डच्या पेढीनें तंबाखूस व्हॅनिलाची जोड दिली, आणि थंडींत लावावयाचे उबदार सुगंध म्हणून अशा अत्तरांची आज चलती आहे. हा वास धुराचा नव्हे. मुरविलेल्या पानाला वाळल्या गवताची, मधाची, सुक्या मेव्याची आठवण करून देणारी जी गोडी येते, ती विद्रावकाच्या साहाय्यानें काढून घेतात.

ऋतूप्रमाणें सुगंध पालटणें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. उन्हाळ्यांत वाळा आणि मोगरा, थंडींत हिना, शमामा, अंबर, कस्तुरी, हा अत्तरवाल्यांचा जुना रिवाज. आणि दिवाळीच्या पहाटेचें नागरमोथा व गव्हला कचोरा घातलेलें उटणें तर घरोघरचें. या विद्येचा मराठींतील पुरावाही चांगला जुना आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं 'गंधवाद' हा संस्कृत ग्रंथ व त्यावरील मराठी टीका उजेडांत आणिली, आणि तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. गोडे यांनींच तंबाखूच्या इतिहासाचींही साधनें मोठ्या चिकाटीनें धुंडाळलीं. या दोन विषयांचा ध्यास एकाच पंडितास लागावा हा मला निव्वळ योगायोग वाटत नाहीं.

कारण दक्षिणेंत तंबाखू आली ती सुगंधाची विद्या परिपक्व झाल्यानंतर. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणापासून नगरच्या निजामशाहींत वाढला व १५८९ च्या सुमारास विजापुरास गेला. तेथील इब्राहीम आदिलशहाकरितां 'इत्र-इ-नवरसशाही' नांवाचा सुगंधावरील ग्रंथच लिहिला गेला. १६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांनीं घेतला, आणि लौकरच अकबराचा पुत्र दानियाल याचें लग्न आदिलशहाच्या मुलीशीं ठरलें. वधूबरोबर फिरिश्ता पैठणपर्यंत गेला. पैठण म्हणजे आपल्या शेवगांव तालुक्याच्या समोरचा गोदेचा कांठ. याच वधूस आणावयास विजापुरास गेलेला अकबराचा दूत असद बेग यानें तेथें तंबाखू प्रथम पाहिली. परततांना त्यानें ती रत्नजडित नळीसह बादशहापुढें ठेविली. बादशहानें दोनचार झुरके घेतले, हकीमांनीं हरकत घेतली, आणि असद बेगानें त्यांच्याशीं वादही घातला! अकबरानें पुन्हां नळी हातीं धरिली नाहीं. पण सरदारांनीं धरिली. जहांगिरानें १६१७ सालीं मनाई केली, ती कोणीं मानिली नाहीं.

आतां या नव्या पानाचें आपल्या गंध्यांनीं काय केलें? त्याचें अत्तर केलें नाहीं. उलट त्यालाच सुगंध दिला. गुळांत मळून मसाले घातलेला गुडाखू, हुक्क्याच्या पाण्यांत गुलाबपाणी, पानांतल्या जर्द्यास केवडा आणि केशर: सारी कला पानाचा मूळ उग्रपणा झांकण्यांत खर्ची पडली. ज्या वस्तूला बाहेरून सुगंध द्यावा लागतो तिच्यांतूनच सुगंध काढतां येईल, हें त्यांच्या मनांत आलें नसावें. शिवाय व्यसन म्हणून जिच्याकडे पाहावयाचें ती वस्तु अत्तरदाणींत, पानसुपारीच्या तबकांत, कशी ठेवावयाची? माझ्या मतें खरें कारण हें दुसरें होय.

नगर जिल्ह्यांत तंबाखूचा वास ओळखीचा आहे तो संगमनेरास. तेथील विड्या बहुतेक बायकाच वळतात, आणि पुष्कळशा घरींच. मांडीवर सूप, सुपांत जर्दा. भिजविलेलें तेंदूचें पान कातरीनें कापावयाचें, चिमूट भरावयाची, वळून दोरा बांधावयाचा. मजुरी हजारांवर. या कामगारांच्या संरक्षणाचा कायदा १९६६ सालीं झाला. पानाची भुकटी श्वासांत जाते, तिचा अंश कातडींतूनही शरीरांत शिरतो. परदेशी कुपीवाले ज्याला मधाचा, गवताचा वास म्हणतात तो या घरांत लुगड्याला, अंथरुणाला लागलेला असतो, आणि उन्हाळा-हिंवाळा पाहत नाहीं. लग्नकार्यास निघतांना त्या बायका हात साबणानें दोनदां धुतात आणि वर मोगऱ्याचें अत्तर लावतात.