झोपेची साथ आणि जागेपणाचे ठाणे

रात्रभर आगगाडी धडधडत जाते, तरी आईचा डोळा उघडत नाही. पण पाळण्यातले मूल जरा कुरकुरले की ती ताडकन उठून बसते. मग माणसाला जागे करते कोण? पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणत, डोळे, कान, त्वचा यांच्याकडून बातम्या येत राहतात म्हणून मेंदू जागा राहतो; त्या थांबल्या की झोप लागते. एवढ्याने भागत नाही, हे दाखवून दिले एका भयंकर साथीने.

१९१६ च्या हिवाळ्यात, महायुद्ध ऐन भरात असताना, व्हिएन्नाच्या इस्पितळात चमत्कारिक रोगी येऊ लागले. कोणी जेवता जेवता घास तोंडात घेऊनच झोपी जाई. हाक मारली तर ओ देई, की पुन्हा डोळे मिटलेच! काहींचे मात्र उलटे. त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टर कॉन्स्टान्टिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलेल्या रोग्यांचे मेंदू त्यांनी तपासले. झोपाळू रोग्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागला भाग बिघडलेला, तर निद्रानाश झालेल्यांत पुढला. म्हणजे झोप आणि जाग यांची ठाणी वेगवेगळी!

पुढे १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या देठात विजेचा हलका प्रवाह सोडला. मेंदूच्या संथ, मोठ्या लहरी क्षणात झोप उडाल्यासारख्या जलद, बारीक झाल्या. जागेपणाचा हुकूम खालून वर जातो, हे स्पष्ट झाले.

हे हुकूम टिकवून धरायला हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी ओरेक्सिन नावाचे द्रव्य पुरवतात. त्याचा शोध १९९८ मध्ये लागला. माणसाच्या मेंदूत अब्जावधी पेशी, पण या एक लाखाहूनही कमी! त्या नाहीशा झाल्या की नार्कोलेप्सी जडते. माणूस दिवसाढवळ्या पेंगतो, खळखळून हसताना त्याचे गुडघे लुळे पडतात. अशा रोग्यांच्या मेंदूत त्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, हे २००० मध्ये दिसून आले.

तोवर अशा कित्येकांनी ‘आळशी’, ‘कुंभकर्ण’ ही दूषणे सोसली. वर्गात पेंगणाऱ्या मुलाचा कान पिळण्याआधी एवढे ध्यानात ठेवा: जागे राहणे हे सर्वस्वी आपल्या मर्जीवर नसते. आत कोणी पहारेकरी उभा असतो, तो गेला तर मनाचा निश्चय काय करील?