टाइमलाइन (चित्रसंकलन)

संगणकावर चित्रपट, मालिका किंवा चित्रफीत संकलित करताना दृश्य व ध्वनी यांचे तुकडे ज्या आडव्या पटावर कालक्रमाने मांडतात, तो पट. काळ डावीकडून उजवीकडे मोजला जातो. प्रत्येक तुकड्याला क्लिप आणि क्लिप ज्यावर बसते त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात.

इतिहास : फिल्म कापून जोडता येत असे. व्हिडिओ टेपवर मात्र दृश्ये ओळीने उतरवून घ्यावी लागत; मधले एक दृश्य लांबवले, की पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. ही अडचण दूर करणारी सीएमएक्स ६०० ही यंत्रणा १९७१ मध्ये अमेरिकेत आली, पण ती फार महाग होती. १९८९ मध्ये ॲव्हिड आणि १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर या संकलनप्रणाली आल्यावर हे काम साध्या संगणकांकडे वळले.

रचना : सहसा चित्राचे ट्रॅक वर व ध्वनीचे खाली असतात. वरच्या ट्रॅकवरचे चित्र खालच्याला झाकते, म्हणून नावे व उपशीर्षके वर ठेवतात. ध्वनीचे ट्रॅक मात्र एकत्र मिसळून ऐकू येतात. प्लेहेड ही उभी रेघ चालू फ्रेम दाखवते. तिची जागा टाइमकोडमध्ये, म्हणजे तास, मिनिट, सेकंद व फ्रेम अशा चार आकड्यांत कळते. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर ००:००:१०:२४ नंतर ००:००:११:०० येते.

कार्यपद्धती : पट झूम करून एकेक फ्रेम तपासता येते, तसाच झूम कमी केल्यावर अख्खा चित्रपट पडद्यावर मावतो; कट कुठे दाट आहेत व कुठे विरळ, हे तेव्हा नजरेत भरते. रिपल ट्रिममध्ये क्लिपची लांबी बदलली, की पुढच्या क्लिप तितक्याच सरकतात. रोलमध्ये दोन क्लिपमधला कट सरकतो, एकूण लांबी तीच राहते. स्लिपमध्ये क्लिप जागेवरच राहून तिच्यातला निवडलेला भाग बदलतो. रिपल करताना एखादा ट्रॅक लॉक राहिला, तर ओठांची हालचाल व संवाद यांचा मेळ बिघडतो. चित्राआधी पुढच्या दृश्याचा आवाज सुरू करणे म्हणजे जे-कट. चित्र बदलल्यावरही आधीचा आवाज चालू ठेवणे म्हणजे एल-कट. संवादाच्या प्रसंगांत ओघ राखण्यासाठी हे दोन्ही कट उपयोगी पडतात.

जतन : टाइमलाइनवर मूळ चित्रण नसते, कोणत्या फाइलचा कोणता भाग कुठे लावायचा, एवढ्याच सूचना तिथे असतात. त्यामुळे कापलेला भाग केव्हाही परत आणता येतो व मूळ फाइलला धक्का लागत नाही. मात्र मूळ फाइल हलवली किंवा पुसली, तर क्लिपच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ असा इशारा दिसतो. म्हणून प्रकल्पाच्या फाइलबरोबर मूळ चित्रणाचीही वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवावी.