काडतुसे भरण्याची पेटी

दिवाळीतल्या फटाक्याच्या पोटात परंपरेने जे तीन जिन्नस कोंबले जात, ते सोरा, कोळसा आणि गंधक. हेच तीन जिन्नस कित्येक शतके जगातल्या बंदुकाही खात आल्या. शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, ही बंदुकीच्या काळ्या दारूची ठरीव पाककृती. फटाका एकदा उडाला की त्याचा कागद केरसुणीच्या वाटेला जातो. पितळी काडतुसाचे तसे नाही. बार निघून गेल्यावर त्याचे रिकामे नळकांडे हातात उरते, आणि ते पुन्हा भरता येते. जुन्या काळचे शिकारी एकेक नळकांडे असे अनेकदा भरीत. त्यासाठी लागणारी हत्यारे एका पेटीत असत. त्या पेटीविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

नागपूरच्या आसपास ही पेटी अगदीच दुर्मीळ नाही. भंडारा, चांदा, वर्धा, सिवनी या मुलखात मालगुजारांचे वाडे होते, आणि बंदुकीचा परवाना हा वाड्याच्या इभ्रतीचा एक भाग असे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. पुढे वाडे वाटले गेले, बंदुका विकल्या गेल्या वा सरकारात जमा झाल्या. पेटी मात्र माळ्यावरच राहिली, कारण ती कशाची आहे हेच पुढच्या पिढीला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या झाडलोटीत ती खाली येते. आत पाहावे तो एक पितळी मापटे, लाकडी मुठीची एक ठासणी, चिमट्यासारखे काहीतरी, आणि टेबलाच्या कडेला पेचाने आवळण्याचे, दांडा फिरवण्याचे एक यंत्र. घरातल्या बायका त्याला शेवयांचे यंत्र समजतात आणि भंगारवाला मोडीचे पितळ समजतो. तो ते तराजूत टाकतो, आणि शंभर वर्षांचा इतिहास किलोच्या भावाने दाराबाहेर जातो.

ही हत्यारे कोठून आली ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी आणि गोळी तोंडाकडून भरीत, आणि गजाने ठाशीत. ठिणगी पडावयाची ती तोड्याची किंवा गारगोटीची. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका पाद्र्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी दिसताच पक्षी उडून जात, म्हणून त्याने ठोका बसताच पेट घेणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. १८३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लफोशे याने दारू, गोळी आणि ठिणगी ही तिन्ही एका नळकांड्यात घालून बंदूक मागून भरण्याची सोय केली. १८६० नंतर टोपी नळकांड्याच्या बुडाशी मधोमध बसू लागली. आज आपण ज्याला काडतूस म्हणतो ते हे.

नेमक्या याच वर्षांत आपल्या मुलखाची घडी बदलत होती. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. सातपुड्यातील शिकारीचे वर्णन करणारी इंग्रजी पुस्तके एकामागून एक निघू लागली. निमाडच्या बंदोबस्ताचे काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये आले, आणि स्टर्नडेलचे सिवनीवरचे पुस्तक १८७७ मध्ये. हा फोर्सिथ आणि तो पाद्री निराळे, नुसते आडनाव एक. पण त्यानेही रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, यावरून भरणीच्या शास्त्राकडे त्या काळचे शिकारी किती बारकाईने पाहत हे कळते.

भरलेली काडतुसे विलायतेहून मागवणे महाग पडे, आणि स्फोटक माल म्हणून ती जहाजावर व गाडीत जपून आणावी लागत. नळकांडी मात्र एकदा घेतली की पुरत. दारू, छर्रे आणि टोप्या स्वतंत्रपणे मिळत. शिवाय जनावर पाहून भरण करता येई. तित्तिराला बारीक छर्रे, हरणाला जाड, आणि रानडुकराला एकच गोळी. रात्री छावणीत कंदिलाच्या उजेडापासून दूर बसून उद्याची काडतुसे भरणे हा शिकारीच्या तयारीतला नेहमीचा उद्योग होता. उजेडापासून दूर का, हे सांगावयास नको!

आता पेटी उघडू. पहिले हत्यार वापरलेली टोपी बुडातून ढकलून काढते, दुसरे नवी टोपी बसवते. मापट्याच्या सरकत्या दांड्यावर रेघा असतात, त्याने दारू आणि छर्रे मोजून घ्यावयाचे. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या चकत्या घालून त्या लाकडी ठासणीने दाबावयाच्या. काडतूस कागदी असेल तर शेवटी दांड्याच्या यंत्रात त्याचे तोंड आत दुमडून घ्यावयाचे, आपण करंजीची कड मुडपतो त्याच न्यायाने. बहुतेक हत्यारांवर १२, १६ किंवा २० असा आकडा असतो. हा बंदुकीच्या बोअरचा आकडा. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची नळी. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी.

विकत घेणाऱ्याने वा घरातली पेटी पारखणाऱ्याने पहिल्याने पाहावयाचे ते शिक्के. ‘डिक्सन’ किंवा ‘हॉक्सली’ हे नाव आणि खाली ‘शेफील्ड’ असले तर ते इंग्लंडच्या नामांकित कारखान्याचे काम. अमेरिकन हत्यारावर ‘आयडियल’ असे नाव दिसेल. जॉन बार्लो याने १८८४ साली न्यू हेवन येथे ही कंपनी काढली. १९१० मध्ये ती मार्लिन कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमनकडे. म्हणजे नावासोबत गावाचा नि मालकाचा उल्लेख पाहिला की हत्याराचे वय दहापंधरा वर्षांच्या अंतराने सांगता येते. नळकांड्याच्या बुडाशीही अशीच साक्ष असते. नुसते ‘एली’ वा ‘किनॉक’ हे नाव बहुधा जुने. ‘आय. सी. आय.’ ही अक्षरे असली तर माल १९२६ नंतरचा, कारण ती कंपनीच त्या वर्षाच्या अखेरीस जन्मली.

दुसरी गोष्ट, संच पुरा आहे काय? सगळी हत्यारे एकाच बोअरची, एकाच कारखान्याची, आणि मूळ पेटीत असतील तर त्यांची किंमत सुट्या नगांच्या बेरजेहून कितीतरी अधिक येते. १२ च्या यंत्रासोबत १६ ची ठासणी असेल तर दोन पेट्यांचा माल एकत्र झाला आहे असे समजावे. मूठ नवीन बसवली असेल तर लाकडाच्या रंगावरून आणि रिव्हेटवरून ते ओळखू येते. पाश्चात्त्य देशांत अशा हत्यारांचे हौशी संग्राहक आहेत, आणि ते या एकेका खुणेचे वेगळे पैसे मोजतात. आपल्याकडे मात्र घरची माणसे विक्रीपूर्वी चिंच आणि राख लावून पितळ लखलखीत करतात. देवाच्या समईला ते शोभते. येथे त्या घासण्याने शिक्क्यांची धार जाते, वयाची काळसर झाक जाते, आणि पारखी गिऱ्हाईक पाठ फिरवते. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, त्यापलीकडे हात लावू नये.

तिसरी गोष्ट नळकांड्यांची. त्यांच्यावर उभी बारीक चीर आहे काय ते भिंगातून पाहावे. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला या चिरांनी फार सतावले होते. पावसाळ्यात ठेवणीतली पितळी काडतुसे आपोआप तडकत, आणि पाऊस सरला की तो उपद्रव थांबे. म्हणून त्याला ऋतूचेच नाव पडले. ही काडतुसे घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ फुटते, हा उलगडा १९२१ साली इंग्लंडमधील तीन शास्त्रज्ञांनी केला. चीर पडलेले नळकांडे फडताळात ठेवावयास हरकत नाही, पण त्याची गणना शोभेच्या वस्तूंतच करावी.

चौथी गोष्ट जिवाची आहे. जुन्या मापट्यावरच्या रेघा ‘ड्रॅम’च्या असतात. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा हिस्सा, पावणेदोन ग्रॅमच्या जरा वर. १२ बोअरच्या काडतुसाला काळी दारू तीन ड्रॅम आणि छर्रे सुमारे ३२ ग्रॅम, असा जुना पाठ होता. ती रेघ काळ्या दारूची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने रायफलीला चालेल अशी धूर न करणारी दारू तयार केली, आणि त्यानंतर आलेल्या दाट बिनधुराच्या दारवांचा जोर तेवढ्याच मापात कितीतरी पट भरे. जुने मापटे आणि नवी दारू यांची गाठ पडली की बंदुकीची नळीच फुटे, आणि नेम धरणाऱ्याची बोटे वा डोळे जात. म्हणून हे मापटे इतिहास म्हणून कितीही मोलाचे असले तरी माप म्हणून त्याची किंमत शून्य आहे. पेटीत जुनी दारू, टोप्या किंवा भरलेली काडतुसे सापडली तर ती हलवू नयेत, मुलांना दूर करावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे.

यापुढे कायद्याची गोष्ट येते, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या हत्यार कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येत टोप्या तर घातल्याच, पण नमद्याच्या त्या निरुपद्रवी चकत्या आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रेही घातली! शिसे, गंधक आणि सोरा तेवढे वगळले, कारण ते वाण्याच्या दुकानातले जिन्नस. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला व तो १९६२ मध्ये अमलात आला. त्यातही दारूगोळा बनवण्याची यंत्रे ही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे जे यंत्र आपण शेवयांचे समजत होतो ते कायद्याच्या नजरेला काडतुसांच्या पंक्तीत बसते. याच कायद्याच्या ४५ व्या कलमात, ज्यांचा जोडीच्या भागांसह उपयोग करण्याचा हेतू नाही अशा किरकोळ भागांना सूट आहे. पण एखादे यंत्र किरकोळ भाग आहे की नाही, हा निकाल आपण घरच्या ओसरीवर बसून द्यावयाचा नसतो. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात आणि खेड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी, मगच देवघेव करावी. शिवाय वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न येतो, आणि परदेशातील संग्राहकाने कितीही मोठा आकडा सांगितला तरी ती देशाबाहेर धाडता येत नाही.

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचे पर्व मिटले. ताडोबात तर १९३५ सालीच शिकार बंद झाली होती, आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. ज्या रानात काडतुसे मोजली जात तेथे आता लोक वाघ मोजतात, आणि हे चांगलेच झाले. दारूगोळ्याचा धंदा मात्र या मुलखातून गेला नाही. भंडाऱ्याचा कारखाना १९६४ मध्ये आणि अंबाझरीचा १९६६ मध्ये उभा राहिला. २०२१ साली जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातील ‘यंत्र इंडिया’चे ठाणे नागपुरातच आहे. तेथल्या अजस्र यंत्रांपुढे आपले टेबलाला आवळण्याचे यंत्र खेळण्यासारखे दिसेल. तरीही नळकांडे, टोपी, दारू आणि गोळी हा चौघांचा संसार तोच आहे.

म्हणून, वाचकहो, माळ्यावर अशी पेटी निघाली तर ती तराजूत घालू नका, आणि साधे भांडे समजून दिवाणखान्यातही मांडू नका. शिक्के वाचा, बोअरचे आकडे जुळवा, परवान्याचा जुना कागद तळाशी आहे काय ते पाहा. तो कागद असला तर पेटीची किंमत वाढते, आणि कायद्यापुढे तुमची बाजूही बळकट होते. विकावयाची नसेल तर संग्रहालयाला विचारा. १८६३ साली स्थापन झालेला आपला अजब बंगला याच शहरात आहे. पण विकणे असो वा देणे असो, त्याआधी एक काम याच दिवाळीत करावे. फराळाला घरची वडील मंडळी एकत्र बसतील तेव्हा विचारावे, की ही पेटी कोणाची, बंदूक कोणती होती, परवाना कोणाच्या नावावर होता, आणि शेवटचे काडतूस कोणत्या साली भरले. उत्तर मिळेल ते तारखेसह एका कागदावर लिहून त्यांची सही घ्यावी आणि कागद पेटीत ठेवावा. शिक्का कारखान्याचे नाव सांगेल, पण घराचे नाव सांगणारी माणसे दर दिवाळीला थोडी थोडी कमी होत आहेत.