भूतकाळातल्या 'ल'चं कूळ
वाणगावच्या फलाटावर विरार लोकल डोळ्यांदेखत सुटली की मराठी माणूस म्हणतो, 'गाडी गेली.' शेजारचा गुजराती बोलणारा म्हणतो, 'गाडी गई.' त्याच्या क्रियापदात 'ल' नाही. पण 'गेलेली गाडी' म्हणायची वेळ आली, की तोही 'गयेली गाडी' म्हणतो. म्हणजे 'ल' त्याच्याकडेही आहे, फक्त विशेषणात बसलेला. मराठीचा 'ल'ही मूळचा विशेषणातलाच.

पाणिनीच्या संस्कृतात भूतकाळ तीन: सामान्य, आजच्या आधीचा आणि बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेला. प्राकृतांनी ही श्रीमंती जवळजवळ सगळी सोडून दिली. 'गत', 'कृत' अशी धातुसाधित विशेषणंच लोकांना पुरेशी वाटू लागली. झिजत झिजत 'गत'चा 'गअ' झाला. एवढ्या तोकड्या शब्दाला '-इल्ल' प्रत्यय चिकटला आणि पुढे 'गेला' घडला. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या जुन्या मराठी लेखात 'करवियलें' आहे. तोवर 'ल' क्रियापदात पक्का बसला होता.

कूळ विशेषणाचं, म्हणून खोडही विशेषणाचीच. 'तिने आंबा खाल्ला, तिने चिंच खाल्ली': बाई तीच, क्रियापद मात्र फळाकडे बघतं. शाळेत हा कर्मणी प्रयोग घोकून घेतात, कारण क्वचितच सांगतात. हे विशेषण काळापेक्षा क्रिया पुरी झाल्याचं सांगतं, म्हणून तर गाडी लांबून नुसती दिसली तरी फलाटावर 'आली, आली' होतं.

भूतकाळ दुसऱ्या वाटेनेही घडतो. वाणगावजवळचा तारापूर-डहाणूचा किनारा पोर्तुगिजांकडे होता, तेव्हा 1580 ते 1640 पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. त्याच्या स्पॅनिशमध्ये 'कोमी' म्हणजे 'मी खाल्लं'. हे रूप लॅटिन भूतकाळातून सरळ उतरलेलं आणि खाणाऱ्यानुसार बदलणारं. आंबा की चिंच, याचं त्याला सोयरसुतक नाही. 'मी खात असे' यासाठी वेगळं 'कोमीआ', तेही लॅटिन भूतकाळाचंच. आपल्याकडे ही दुसरी जागा संस्कृतच्या वर्तमानकाळाने भरली: 'तो खाई', 'ती जाई' ही रूपं 'खादति', 'याति' यांची वंशज. आता बोलण्यात तीही मागे पडली. 'पूर्वी इथून शटल जाई' असं वाणगावात कोणी म्हणत नाही, 'जायची' म्हणतात.