तोफेचा कान आणि चार महिन्यांचा पाऊस

मंडळी, गडावरच्या तोफा कशा धडाडल्या हे आपण नेहमी ऐकतो. आज आपण विचारू या, त्या पावसाळ्यात टिकायच्या कशा? सह्याद्रीवर जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा लागते. इथे दोन्ही मुबलक. त्यात दारू जळल्यावर नळीत उरलेले क्षार ओलावा ओढून घेतात.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात याची तजवीज सांगितली आहे. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं. तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, मेणानं भरावं, वर आच्छादन घालावं. दारू मात्र आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हात द्यावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. म्हणजे बघा, तेल-मेणानं लोखंडाचा हवा-पाण्याशी संबंध तोडला, आणि मेणानं पाणी कानातून आत जाऊ दिलं नाही. आजचं रसायनशास्त्र याहून वेगळं काय सांगतं?

या कामाचे पोवाडे होत नाहीत. पण ऐन वेळी कान गंजून बुजला, तर तोफ म्हणजे नुसतं वजन! आणि आज? तशाच कितीतरी तोफा गडांवर उघड्यावर, मातीत पडल्या आहेत. आपण त्यांच्यावर बसून फोटो काढतो. तीनशे वर्षांपूर्वी दर पावसाळ्याआधी हवालदाराला जे करावं लागे, तेवढंही आपल्याकडून होत नाही.