रडतोंडीची उतरण

1659 चा नोव्हेंबर. तुम्ही अफझलखानाच्या विजापुरी फौजेबरोबर आलेले, लदबैल हाकणारे. वाईपर्यंत सगळे सोपे होते. आता महाबळेश्वरच्या माथ्यावरून रडतोंडीचा घाट उतरून पार गावाला जायचे आहे, आणि पहिल्याच वळणावर बैलाने पाय रोवले आहेत.

चाबूक नको. गोणी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घ्या आणि कासरा ढिला सोडा.

तोल जातोय? कड्याला हात टेका. काळा कातळ, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, खाली पुन्हा कातळ. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. एक थर निवून त्याच्या पाठीची माती व्हायची आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजून निघायची. घट्ट थरांचे कडे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून टप्पे पडले. म्हणून ही वाट घटकाभर आडवी चालते आणि मग एकदम पायाखालून सुटते. सह्याद्रीचा हा हिशेब तुमच्या गुडघ्यांना एव्हाना कळला असेल.

पारला पोचलात. तळ कोयनेच्या खोऱ्यात. समोर प्रतापगड. तीन वर्षांपूर्वी जावळीचे हे खोरे मोऱ्यांकडून शिवाजीराजांनी घेतले आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला. इथून कोकणात उतरणारा पारघाट त्याच्या नजरेखाली येतो. तळावरच्या चुलींचा धूर गडावरून मोजता येईल. तुम्हाला मात्र झाडीत चार कासऱ्यांपलीकडचे दिसत नाही. फौज किती मोठी आहे, याची फुशारकी शेजारी चालू आहे. एवढी फौज या खोऱ्यात ओळीने उभी करायला जागा कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

10 नोव्हेंबर. गडावर तोफ झाली. खानाच्या शिवाजीराजांशी झालेल्या भेटीचा निकाल काय लागला ते कळायच्या आत झाडीतून मावळे तळावर तुटून पडले.

पळा, पण रडतोंडीकडे नको. तिथे चढणारा माणूस धापा टाकत थांबतो आणि वरच्याला आयताच सापडतो. पारघाटाकडेही नको, तो गडाच्या तोंडाशी आहे. कोयनेला लागा. ही नदी सह्याद्रीच्या दोन रांगांमधून 65 किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या काठाने गेलात तर एकही रांग ओलांडावी लागत नाही. खानाचा मुलगा फाजलखान वाटाड्याच्या मदतीने असाच कराडकडे निसटला. वाटाड्या नसला तरी चालेल. पाणी उजवीकडे ठेवा, की डावीकडे, पण सोडू नका.